कॉपच्या पायऱ्या : उभ्याने पाहिलेल्या मॅचेसच्या आठवणी

मर्सीकाठ | ३० एप्रिल २०२४

आज तीस वर्षं झाली. ३० एप्रिल १९९४, शनिवार. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावरचा कॉप त्या दुपारी उभ्या माणसांनी शेवटचा भरला. समोर नॉर्विच सिटी. आम्ही १-० हरलो. जेरेमी गॉसने लांबून मारलेला गोल कॉपच्याच जाळ्यात आला आणि उभ्या कॉपसमोरचा तो शेवटचा गोल ठरला. मॅच संपली तरी कोणी हलेना. गाणी चालूच राहिली. दिवे मालवले जातील, मग जाऊ, असं ज्याच्या त्याच्या मनात.

कॉप म्हणजे एक टेरेस. टेरेस म्हटलं की आपल्याला गच्ची आठवते, म्हणून आधी सांगतो. गोलपोस्टच्या मागे सिमेंटच्या बुटक्या पायऱ्यांचा चढाव, मधे मधे कमरेच्या उंचीचे लोखंडी कठडे, वर छप्पर. खुर्ची नाही, बाक नाही, नंबर नाही. मधल्या काळात तिथे २५-२७ हजार माणसं उभी राहायची. आपल्याकडच्या चांगल्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती एका गोलच्या मागे, दोन तासांपुरती.

मी मिरजेहून डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी १९८६ साली लिव्हरपूलला गेलो. पहिलं वर्ष रुग्णालय आणि भाड्याची खोली यातच गेलं. पुढच्या हंगामात वॉर्डातल्या लोकांनी मनावर घेतलं की डॉक्टरला कॉपवर न्यायचंच. पण मॅचच होईना. कॉपच्या खालून जाणारं व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं भुयारी गटार खचलं होतं, म्हणून घरच्या मॅचेस पुढे ढकलल्या होत्या. अखेर १२ सप्टेंबर १९८७ ला ऑक्सफर्ड युनायटेडशी मॅच लागली. आमच्या नव्या खेळाडूची, जॉन बार्न्सची, ॲनफिल्डवरची पहिली मॅच, आणि माझीही. त्याने फ्री किकवर गोल मारला. २-० जिंकलो.

तो गोल मी नीट पाहिला नाही. चेंडू जाळ्यात गेला आणि मागून रेटा आला. पाय जमिनीवरून सुटले. पंढरीच्या वारीत, गणपतीत गर्दी बघितलेली होती, पण हे निराळंच. सात-आठ पायऱ्या खाली गेलो आणि लाट परतावी तसा पुन्हा वर आलो. जवळपास होतो तिथेच! फक्त कोटाची दोन बटणं गेलेली. मिरजेच्या शिंप्याने शिवलेला कोट होता.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. गोदीत काम करून निवृत्त झालेले, डाव्या हाताचं एक बोट अर्धं तुटलेलं. त्यांनी माझी कॉलर धरून मला कठड्याच्या मागे घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पोरा, कठड्याच्या पुढे कधी उभं राहायचं नाही. मागेच राहायचं. आणि हात असे." त्यांनी माझे दोन्ही हात धरून छातीपुढे आणले, कोपरं बाहेर, मुठी हनुवटीखाली. कुस्तीगीर पवित्र्यात उभा राहतो ना, तसे.

पुढची दीड वर्षं मी दर घरच्या मॅचला त्याच कठड्यामागे उभा राहिलो. नंबर नव्हता, पण जागा माझी होती. दीड वाजता पोचलो नाही तर म्हातारबुवा तिथे आपली टोपी ठेवायचे आणि लोक टोपीला वळसा घालून उभे राहायचे. १३ एप्रिल १९८८ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टला ५-० हरवलं ती रात्र मी त्याच कठड्यावर हात टेकून पाहिली. हिरवा रंग घासून घासून मधलं लोखंड पितळी भांड्यासारखं गुळगुळीत झालं होतं. पावसात भिजलेल्या हजारो कोटांतून वाफ निघायची आणि दिव्यांच्या उजेडात छपराखाली धुकं साठायचं. कोणाला चक्कर आली तर लोक त्याला डोक्यावर घ्यायचे आणि हातांवरून झेलत झेलत खाली मैदानाच्या कडेला पोचवायचे. तिथे रुग्णसेवक उभेच असायचे.

संडासाची सोय म्हणावी तशी नव्हती, आणि असती तरी तिथवर पोचणार कोण. म्हातारे लोक वर्तमानपत्राची सुरळी करून वेळ भागवायचे. हेही खरंच होतं, म्हणून लिहिलं.

तुमच्यापैकी कोणी अशा उभ्या कट्ट्यावरून फुटबॉल पाहिला असेल, कुठल्याही गावचा, तर लिहा. मला वाचायचं आहे.

---

करवीरचा_वाघ | ३० एप्रिल २०२४

काका, कोट, टोपी सगळं वाचून अंगावर काटा आला बघा.

आमचं कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. खुर्च्या नव्हत्याच. सिमेंटच्या पायऱ्या, आम्ही गॅलरी म्हणतो. बसायला जागा, पण पाटाकडील आणि शिवाजी तरुणची मॅच असली की बसतंय कोण? दुपारी बारालाच जायचं. ऊन डोक्यावर, खाली पायरी तापलेली, वर्तमानपत्र अंथरूनबी चटका बसायचा. पेठेपेठेची पोरं ठरल्या कोपऱ्यात. माझा बाप मंगळवार पेठेतला, त्यो ज्या पायरीवर बसायचा तिथंच मी बसलो, आता माझा पोरगा बसतोय. नंबर कुणी घातला नाही, तरी पायरी कुणाची ते सगळ्यांना ठाऊक.

गोल झाला की खालून वरपर्यंत गॅलरी उभी राहायची. माझ्या बापानंबी मला असंच शिकवलेलं, गर्दीत हात छातीवर घ्यायचा म्हणून. जोतिबाच्या यात्रेत शिकवलं, फुटबॉलला कामी आलं.

---

नेहा_वाईकर | १ मे २०२४

लेख मनापासून लिहिला आहे, तरी मला एक विचारावंसं वाटतं. राग नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

माझं माहेर वाईचं. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली तेव्हा मी बारावीत होते. तीनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या आळीतून दोघं गेली. पुढे नोकरीसाठी मुंबईत आले आणि २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले. मी त्याच पुलावरून रोज जात असे. पाय जमिनीवरून सुटणं ही माझ्यासाठी गोड आठवण होऊच शकत नाही. तुम्ही डॉक्टर आहात. हिल्सबरो मैदानावरची चेंगराचेंगरी त्याच काळातली ना? मग त्या पायऱ्यांची आठवण अशी कशी येते?

---

मर्सीकाठ | १ मे २०२४

नेहाताई, बरं केलंत विचारलंत. पहिल्या पोस्टमध्ये "दीड वर्षं" लिहून मी तिथेच थांबलो होतो. पुढचं लिहायला हात उचलत नव्हता.

१५ एप्रिल १९८९. एफए कपची उपान्त्य फेरी, पुन्हा फॉरेस्टशीच, शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर. माझी ड्यूटी होती म्हणून मी गेलो नाही. मॅच सुरू झाली आणि सहा मिनिटांत थांबली. वॉर्डातल्या टीव्हीवर तिथलं दाखवायला लागले. आधी वाटलं, लोक मैदानात घुसले. मग जाहिरातींचे फलक उचलून त्यांवरून माणसं नेताना दिसली. त्यांना स्ट्रेचर नव्हती. लोकांनी फलक उपटले आणि त्यांचीच स्ट्रेचर केली.

लेपिंग्ज लेनच्या बाजूला टेरेसचे लोखंडी जाळ्यांनी कप्पे पाडलेले होते. पुढेही जाळी. बाहेरची गर्दी आवरेना म्हणून पोलिसांनी एक मोठं फाटक उघडलं, पण आतल्या मधल्या दोन कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. ते कप्पे आधीच भरलेले होते. माणसं मागून येत राहिली आणि पुढे जायला वाट नाही.

डॉक्टर म्हणून सांगतो. अशा गर्दीत माणूस बहुधा पायाखाली तुडवला जाऊन मरत नाही, उभ्या उभ्या मरतो. चारी बाजूंनी दाब आला की छाती फुगू शकत नाही. बरगड्या न मोडताही श्वास कोंडतो. म्हातारबुवांनी माझे हात छातीपुढे का आणून ठेवले होते ते मला त्या संध्याकाळी कळलं. छातीपुढे चार बोटं पोकळी राहिली तर श्वास घेता येतो. त्यांनी शरीरशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं.

९७ जण गेले. शेवटचे दोघे अनेक वर्षांनी, एक १९९३ ला आणि एक २०२१ ला. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा. आणि त्यानंतर दोष कोणावर ढकलला? त्या मेलेल्या माणसांवरच. दारू पिऊन आले, दांडगाई केली, असं छापून आलं. खोटं होतं ते. २७ वर्षं त्या घरांनी लढा दिला, तेव्हा कुठे २६ एप्रिल २०१६ ला ज्युरीने सांगितलं की हे मृत्यू बेकायदा घडवले गेले आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता. त्या दिवशी मी घरी एकटाच होतो. खूप रडलो.

हिल्सबरोच्या दुसऱ्या दिवशी, १९८९ च्या त्या रविवारी, ॲनफिल्डची फाटकं उघडली. मी गेलो. लोक कॉपच्या कठड्यांना स्कार्फ बांधत होते. आमच्या कठड्यावर जागा उरली नव्हती, इतके बांधलेले. लाल होते, आणि एव्हर्टनचे, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या संघाचे, निळेही होते. म्हातारबुवा तिथे उभे होते, टोपी हातात घेऊन. मी जवळ गेलो. बोललो काहीच नाही. पुढच्या दिवसांत गोलपासून निघालेली फुलं मैदानाच्या मध्यापर्यंत पसरली. आठवड्याने स्टॅनले पार्क ओलांडून एव्हर्टनच्या गुडिसन मैदानापासून ॲनफिल्डपर्यंत स्कार्फची एकच माळ बांधली लोकांनी.

आमच्या शेजारी दोन भाऊ उभे राहायचे. ते हिल्सबरोला गेले होते. दोघेही परत आले. धाकटा पुन्हा कधी कोणत्याही मैदानावर आला नाही.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. मला पाय सुटण्याची आठवण येत नाही, कॉलर धरणाऱ्या हाताची येते. त्या पायऱ्यांवर अनोळखी माणसं एकमेकांचा श्वास सांभाळत होती. ज्यांच्याकडे ते सांभाळायचं काम होतं, त्यांनी जाळ्या उभारल्या.

---

नेहा_वाईकर | १ मे २०२४

वाचलं. दोनदा वाचलं. मांढरदेवीलाही आधी लोकांनाच बोल लावले गेले होते. धन्यवाद, डॉक्टर.

---

हावडा_पूल | १ मे २०२४

मी बँकेच्या नोकरीत सहा वर्षं कोलकात्याला होतो. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅचमध्ये मारामारी होऊन पळापळ झाली, १६ प्रेक्षक गेले. माझ्या शाखेतले हेड कॅशियर त्या स्टँडमध्ये होते. दर वर्षी १६ ऑगस्टला ते रक्तदान करायचे. त्या दिवशी शहरभर फुटबॉलप्रेमींची रक्तदान शिबिरं असतात. पहिल्या वर्षी मी नुसता सोबत गेलो, पुढची पाच वर्षं मीही दिलं.

---

इतिहासवेडा | २ मे २०२४

कॉप या नावाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात स्पायन कॉप नावाची टेकडी आहे. तिथल्या डच बोलीत अर्थ साधारण "टेहळणीची टेकडी". जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात इंग्रजांचा तिथे मोठा पराभव झाला. त्यात लँकेशायरच्या पलटणींमधले पुष्कळ सैनिक पडले, बरेच लिव्हरपूलचे. १९०६ साली ॲनफिल्डला हा चढाव बांधला तेव्हा स्थानिक वर्तमानपत्राचे क्रीडा संपादक अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी त्याला त्या टेकडीचं नाव सुचवलं. म्हणजे मुळात हे स्मारकच. वूलिच आर्सेनलच्या मैदानावरच्या चढावाला त्याआधी हे नाव लागलं होतं, पण नाव टिकलं ते लिव्हरपूलचं.

आणि आपल्याशी नातं असं, की त्या लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी होते. पथकात अकराशेच्या आसपास हिंदी माणसं, त्यातली बहुतेक गिरमिटिया मजूर. दिवसाला वीस-पंचवीस मैल जखमींना खांद्यावर घेऊन चालल्याचं गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे.

---

मर्सीकाठ | २ मे २०२४

इतिहासवेडा, हे मला कॉपवर उभा असताना माहीत नव्हतं. माहीत असतं तर म्हातारबुवांना सांगितलं असतं. त्यांचे एक चुलत आजोबा त्या टेकडीवर पडले होते, एवढं ते सांगायचे.

एक भर घालतो. कॉपच्या कोपऱ्यावर उंच पांढरा झेंड्याचा खांब आहे. तो ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाच्या डोलकाठीचा. मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर, रॉक फेरीला, ते जहाज मोडीत काढलं, तेव्हा ही काठी नदी ओलांडून इथे आणली. याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकली. म्हणजे ती डोलकाठी मुंबई बंदरात उभी होती! मला घरची आठवण आली की मी त्या खांबाखाली जाऊन उभा राहत असे. तेव्हा ही गोष्ट नुकतीच एका ग्रंथालयात वाचली होती.

---

सांताक्रूझ_पूर्व | २ मे २०२४

काका, विचारू की नको असं वाटत होतं. त्या काळात तिकडे रंगावरून फार वाईट वागत असं वाचलंय. तुम्हाला कॉपवर कधी त्रास झाला का?

---

मर्सीकाठ | ३ मे २०२४

झाला. रस्त्यात जास्त, मैदानात कमी, पण मैदानातही. माझ्यासारख्या रंगाची माणसं तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. बार्न्स काळा होता. तो आला त्याच हंगामात एका मॅचमध्ये समोरच्या संघाच्या प्रेक्षकांनी त्याच्याकडे केळी फेकली. आमच्या बाजूचे सगळे साधू होते असं मी म्हणणार नाही.

एकदा मागून तीन-चार पायऱ्यांवरून कोणीतरी मला उद्देशून एक शब्द वापरला. म्हातारबुवा वळले. काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मग त्यांच्या शेजारचा वळला, त्याच्या शेजारचा वळला. बारा-पंधरा माणसं मॅच सोडून मागे बघत उभी राहिली. तो माणूस हाफटाइमला दुसरीकडे गेला.

२६ मे १९८९ चीही एक गोष्ट आहे. हिल्सबरोनंतर सहा आठवडे. आर्सेनलला लीगच्या चषकासाठी दोन गोलांनी जिंकायचं होतं आणि आमच्या समोरच्या टोकाला शेवटच्या मिनिटाला मायकल थॉमसने दुसरा गोल मारला. आमच्या हातातला चषक गेला. आणि कॉप थांबला. मागे रेलून उभे राहिलो आणि आर्सेनलच्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या. थॉमसही काळा होता. माझ्या शेजारी म्हातारबुवा टाळ्या वाजवत होते, अर्ध्या बोटाच्या हाताने.

---

डॉर्टमुंडची_सई | ३ मे २०२४

मी नऊ वर्षं डॉर्टमुंडला आहे, मूळची सोलापूरची. इथे उभ्याचा कट्टा अजून आहे. दक्षिण टोकाला २४,४५४ माणसं उभी राहतात. पिवळी भिंत म्हणतात ती हीच. हिल्सबरोनंतर इंग्लंडने लॉर्ड टेलर यांच्या चौकशी अहवालानुसार लीगच्या वरच्या श्रेणींतल्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या सक्तीच्या केल्या. जर्मनीने घरच्या लीगसाठी कट्टे ठेवले. युरोपियन मॅचेसना मात्र इथेही खुर्च्या बसवाव्या लागायच्या, आणि मग ती भिंत अर्ध्यावर यायची. २०२२ पासून युरोपियन मॅचेसनाही काही देशांत उभं राहायला परवानगी मिळाली आहे.

फरक काय ते सांगते. जाळीत कोंडलेले कप्पे नाहीत, किती माणसं आत गेली त्याची मोजदाद असते, कठडे ठरावीक अंतरावर असतात. तिकीटही खुर्चीपेक्षा पुष्कळ स्वस्त. माझ्या ऑफिसातला शिकाऊ पोरगाही हंगामाचं तिकीट काढू शकतो. म्हणजे उभं राहणं धोक्याचं नव्हतं. डॉक्टरकाकांनी लिहिलंय तेच.

---

करवीरचा_वाघ | ३ मे २०२४

ताई, स्वस्त तिकिटाचं लाख बोललात. गरीब माणूस गेला की आवाज गेला.

---

मनवा_ठाणे | ४ मे २०२४

मी २४ वर्षांची आहे आणि मी जन्मायच्या आधीच तो कॉप पाडला गेला. तरी रात्री साडेबारा वाजता बाबांची झोप मोडू नये म्हणून कानात इअरफोन घालून, तोंडावर उशी धरून गोलला ओरडणारी मी आहे. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा ॲनफिल्डला जाणार आहे, दोन वर्षं पैसे साठवलेत. कॉपचं तिकीट मिळालं तर आता तिथे उभं राहता येतं का? आणि काका, तुमची जागा नक्की कुठे होती?

---

मर्सीकाठ | ४ मे २०२४

मनवा, जरूर जा.

जुना कॉप १९९४ च्या उन्हाळ्यात पाडला. आताचा साडेबारा हजारांच्या आसपास खुर्च्यांचा आहे. २०२१ पासून त्यातल्या हजारो खुर्च्यांपुढे लोखंडी दांडे बसवले आहेत, आणि २०२२ पासून इंग्लंडमध्ये परवाना घेतलेल्या मैदानांवर अशा जागी उभं राहायला रीतसर परवानगी आहे. तुझ्यापुढे तुझा स्वतःचा दांडा असेल. मागून रेटा येणार नाही.

गेल्या वर्षी मुलीला घेऊन गेलो होतो. जागा शोधायची म्हणजे पायऱ्या तर उरल्या नाहीत. मग मी असं केलं. आमच्या कठड्यावरून गोलचा डावा खांब आणि पलीकडच्या टोकाचा उजवा खांब एका रेषेत दिसायचे. गोलचे खांब तिथेच आहेत. एक एक रांग चढत गेलो, रेष जुळेपर्यंत. तिथे एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांना सांगितलं, इथे मी १९८७ साली उभा राहायचो. त्या उठल्या आणि सरकल्या. मुलगी आणि मी त्यांच्या शेजारी दाटीवाटीने पहिला हाफ उभे राहिलो.

मॅचला लवकर जा. आधी कोपऱ्यावरच्या पांढऱ्या खांबापाशी जा, त्याला हात लाव. मग कॉपमध्ये शिरलीस की गोलच्या डाव्या खांबाकडे बघत वर चढ. दोन्ही खांब एका रेषेत आले की थांब. आणि गोल झाला की हात छातीपुढे, कोपरं बाहेर. आता गरज नाही. तरी घे.

---

मनवा_ठाणे | ४ मे २०२४

घेईन, काका. फोटो इथेच टाकते.